श्रोत्यांचा मेळा कसा जमतो?

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहितांना आपले पंडित बहुधा हस्तलिखितांचा व छापखान्यांचा मागोवा घेतात. ज्या कानांनीं तें वाङ्मय शतकानुशतकें जतन केलें, त्या कानांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाहीं. वस्तुतः ग्रंथ वाचणारांपेक्षां ऐकणारेच आपल्या देशांत सदैव अधिक होते. हे श्रोते कोणीं जमविले, कशाच्या बळावर जमविले, आणि ते पिढ्यानुपिढ्या कां टिकले, याचा विचार आज पुन्हां करण्याजोगा झाला आहे. कारण ऐकण्याचें युग नव्या वेषानें परत आलें आहे.

या नव्या वेषाचें नांव पॉडकास्ट. हा शब्द २००४ सालीं बेन हॅमर्स्ली या पत्रकारानें ‘गार्डियन’ पत्रांतील एका लेखांत सुचविला. ‘आयपॉड’ नामक यंत्र आणि प्रक्षेपण या अर्थाचा इंग्रजी शब्द यांची ती सांगड होय. ज्या यंत्रावरून नांव पडलें त्याचें उत्पादन २०२२ सालीं बंद झालें. नांव मात्र टिकलें. नवनवे भाग निघावे व श्रोत्यानें ते आपल्या सवडीनें ऐकावे, एवढेंच त्याचें स्वरूप. हा उद्योग करणाऱ्या तरुणांस एक विवंचना नित्य असते: श्रोते वाढावे कसे? द्रव्य खर्चून जाहिरात करावी, कीं दुसऱ्या कोणाशीं भागी करावी? आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर आपल्याच इतिहासांत आहे, आणि तें शोधण्यास बीड जिल्ह्यांतील कपिलधारइतकें योग्य स्थळ क्वचितच सांपडेल.

मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या डोंगरांत कपिलधारचा धबधबा आहे, आणि तेथेंच वीरशैव संतकवि मन्मथस्वामी यांची समाधि आहे. त्यांचा ‘परमरहस्य’ हा ग्रंथ ओवीबद्ध असून वीरशैव मताचें निरूपण तो मराठींत करतो. कार्तिकी पौर्णिमेस येथें यात्रा भरते, आणि मराठवाड्यांतून, तसेंच कर्नाटक व तेलंगणाच्या बाजूनेंही, भाविक पायीं दिंड्या घेऊन येतात. इतर दिवसांत गांवोगांवीं शिवनामसप्ताह होतात, त्यांत परमरहस्याचें पारायण होतें, आणि रात्रीं शिवकीर्तन रंगतें. या ग्रंथाचा प्रसार कोणा एका धनिकानें किंवा प्रकाशकानें केला, असें म्हणतां येणार नाहीं. वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा, टाळ धरणारे तिसरे, आणि पंगत घालणारें सबंध गांव, अशी ती भागी आहे. येथें श्रोता नुसता श्रोता राहत नाहीं; तो पुढच्या गांवीं निरोप नेणारा होतो.

हीच व्यवस्था मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असेल तर पंढरीच्या वाटेकडे वळावें. १६८५ सालीं तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं तुकोबांच्या पादुका पालखींत ठेवून देहूहून आळंदीस नेल्या, तेथें ज्ञानोबांच्या पादुका त्याच पालखींत घेतल्या, आणि दोन संतांची एकत्र वारी सुरू केली. दोन कीर्ति एका वाहनांत, दोन्हींकडील भक्त एका मार्गावर! याहून उत्तम संयोजन कल्पितां येणें कठिण. परंतु सुमारें १८३० च्या वेळीं मानपानावरून कलह माजला आणि पालख्या वेगळ्या झाल्या. तेव्हां ज्ञानोबांच्या सोहळ्यास शिस्तीचें रूप दिलें तें हैबतबाबा आरफळकर यांनीं. हे पूर्वी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या सेवेंत होते. त्यांस अंकलीच्या शितोळे सरदारांचें साहाय्य मिळालें. त्या घराण्याकडून सोहळ्यासाठीं अश्व येण्याची परंपरा आजही चालू आहे. प्रत्येक दिंडीस तिची जागा ठरली, भजनाचा क्रम ठरला, मुक्काम ठरले. आळंदीच्या महाद्वारांतील पायरीस हैबतबाबांचें नांव आहे, तें उगीच नव्हे.

या प्रकरणांतून दोन गोष्टी निघतात. भागी मोडली ती भक्ति आटल्यामुळें नव्हे, हक्कांचा निवाडा आधीं न झाल्यामुळें. आणि पुन्हां मेळा उभा राहिला तो प्रत्येकाचें स्थान आधींच निश्चित झाल्यामुळें. जो आपल्या कार्यक्रमांत दुसऱ्यास बोलावतो, त्यानें नांव कोणाचें आधीं, मिळकत कोणाची किती, आणि ध्वनिमुद्रण पुढें कोणाचें, हें पहिल्याच दिवशीं ठरवावें. स्नेह असला म्हणजे लेखाची गरज नाहीं, असें मानणारांनीं हें प्रकरण अवश्य ध्यानांत घ्यावें.

तिसरें उदाहरण आकाशवाणीच्या काळांतलें. १९५५ च्या रामनवमीस, म्हणजे १ एप्रिल रोजीं, पुणें केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालें. कल्पना केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकर यांचे, स्वर सुधीर फडके यांचे. आठवड्यास एक याप्रमाणें बावन्न गीतें योजिलीं होतीं. त्या वर्षीं अधिक मास आल्यानें तीं छप्पन्न झालीं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, गजानन वाटवे, मालती पांडे, ललिता फडके असे नाना गायक त्यांत सहभागी झाले, आणि प्रत्येकाबरोबर त्याचा आपला श्रोतृवर्ग आला. पुण्याचीं वृत्तपत्रें नव्या गीताचे शब्द छापूं लागलीं. त्यामुळें कानांनीं ऐकलेलें डोळ्यांपुढें आलें व घरोघर मुखोद्गत झालें. १९५७ सालीं सरकारच्या प्रकाशन विभागानें गीतांचें पुस्तकही काढलें. ठरलेला वार, पाहुण्याचा मान, आणि हातांत राहणारा मजकूर: या तीन गोष्टी जाहिरातीच्या हजार फलकांहून श्रेष्ठ ठरल्या.

यावर कोणी म्हणेल कीं, भागीदारीनें गर्दी वाढते, पण वाणीचें सत्त्व उतरतें; लहान मोठ्याच्या छायेंत गेला कीं संपला. ही भीति निराधार नाहीं. मोठ्या नांवाच्या आधारानें आलेला श्रोता त्या नांवाबरोबरच निघून जातो, हेंही आपण पाहतों. पण कपिलधारच्या वाटेवर प्रत्येक दिंडी आपल्याच गांवची म्हणून चालते. एकत्र येतांना ती आपली ओळख टाकून येत नाहीं. भागी करावी ती अशी. जो आपलें कांहीं घेऊन येतो त्याच्याशीं जोडणें हें सख्य. ज्यास केवळ गर्दी आणण्यासाठीं बोलावलें, तें भाडें.

आणि प्रश्न केवळ लोकप्रियतेचा नाहीं. ज्या सुशिक्षित घरांत ज्ञानेश्वरी व दासबोध यांचीं नांवें मुलांसही ठाऊक असतात, तेथें परमरहस्याचें नांव ऐकलेला मनुष्य क्वचितच भेटतो. एकाच मराठींत एवढा मोठा पाट वाहतो आणि शेजारच्या शेतास त्याचा ओलावा लागत नाहीं, हें आपणां सर्वांचेंच नुकसान होय. सप्ताहांतून पारायण करणाऱ्या वृद्धांचे आवाज आज आहेत. ते कायमचे राहणार नाहींत. मराठवाड्यांतील कोणी विद्यार्थी जर उद्यां परमरहस्याच्या निरूपणाची मालिका काढील, तर त्यानें शिवकीर्तनकारांबरोबर एखाद्या वारकऱ्यासही बसवावें, कन्नड जाणणाऱ्या विद्वानास वचनसाहित्यावर बोलतें करावें, ज्या गांवीं ध्वनिमुद्रण केलें त्या गांवाचें नांव भागाच्या आरंभीं घ्यावें, आणि दर भागाचा मजकूर शाळांच्या व ग्रंथालयांच्या हातीं द्यावा. पहिला भाग कार्तिकी पौर्णिमेस निघावा. त्या दिवशीं श्रोते शोधावे लागणार नाहींत. ते आपल्या पायांनीं डोंगर चढून आलेले असतील, आणि परततांना तो आवाज आपापल्या गांवीं घेऊन जातील.