गारपगारी आणि माघातलं आभाळ

माघात हरभरा सोंगून सुड्या लागल्या, गव्हाच्या ओंब्या भरत आल्या, की वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या जऊळक्यातली जुनी माणसं दिवस कलताना वावराच्या धुऱ्यावर पश्चिमेकडं तोंड करून उभी राहायची. पावसाळ्यात आभाळाकडं सगळेच पाहतात. हिवाळा सरताना पाहणारे थोडे. आमचे आबाजी त्यांतले. ढग नुसता काळा असला तर ते काही बोलत नसत. काळ्यात तांबूस झाक शिरली आणि दुपारचा उकाडा एकाएकी मोडून गार वारा सुटला, की म्हणायचे, "हे पान्याचं आभाय नाई. ढोरं सोडा."

आधी ढोरं, मग सुडी, मग बाकीचं. दाव्याला बांधलेला बैल गारांचा मार जागेवर उभा राहून खातो. मोकळा असला तर बांधाचा, भिंतीचा आडोसा शोधतो. माणूस वावरात अडकलाच तर बंडीखाली शिरायचं, झाडाखाली नाही, कारण गारांच्या मागं वीज असते. बंडी नसेल तर टोपलं, घमेलं, घडी घातलेलं बारदान, जे हाती येईल ते डोक्यावर घेऊन खाली बसायचं. लिंबाएवढी गार ताशी 50-60 किलोमीटरच्या वेगानं खाली येते, हे आकडे आबाजींना ठाऊक नव्हते. डोकं फुटतं एवढं ठाऊक होतं. गावाला रेल्वे असल्याचाही आधार होता. मीटरगेजच्या काळात स्टेशनाजवळच्या वावरातली माणसं गारा आल्या की स्टेशनाच्या पक्क्या छपराकडं धावायची, असं ते सांगत.

आजीकडं दुसरीच गोष्ट होती, गारपगाऱ्याची. तिच्या माहेरी गारा अडवायला एक माणूस नेमलेला असे. आभाळ भरून आलं की तो मारुतीच्या पारावर जाऊन उभा राही, देवाला आधी विनवी, मग धमकावी. खळ्यावर धान्य मोजलं जाई तेव्हा बलुतेदारांसारखा त्याचाही वाटा निघे. लहानपणी मला ही आजीनं रचलेली कहाणी वाटे. पुढं रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा 1916 चा ग्रंथ हाती आला. त्यात गारपगारी या जातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. ही मूळची नाथ-जोगी मंडळी. 1911 च्या खानेसुमारीत त्यांची संख्या सुमारे 9000 होती. धूर आणि ज्वाळा मिसळाव्यात तसं लाल-काळं आभाळ दिसलं की गारपगारी तलवार घेऊन मारुतीपुढं उभा राही, आणि देव ऐकेना तर स्वतःचं रक्त काढी, असं त्यात लिहिलं आहे. आबाजींची तांबूस झाक आणि त्या पुस्तकातलं लाल-काळं आभाळ एकच होतं.

मंत्रानं गार थांबत नाही. तरी ती प्रथा मला निव्वळ अडाणीपणाची वाटत नाही. दोन महिने आभाळावर नजर ठेवायला गावानं एक माणूस नेमला होता आणि त्याबद्दल त्याला धान्य दिलं जात होतं. तो मारुतीकडं धावताना दिसला की बायका वाळवणं उचलत, गडी सुड्या झाकत, पोरं घरात ओढली जात. गावाला सावध करणारा तो माणूस होता, आणि त्याचं खरं काम तेच होतं असं मला वाटतं.

आपल्याकडं बर्फाची वादळं येत नाहीत. आमच्या हिवाळ्याचं वादळ ते हेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडून वरच्या थरात थंड, कोरडे वारे येतात, समुद्रावरून दमट हवा येते, आणि दोन्हींची गाठ विदर्भ-मराठवाड्यावर पडते. ढग उंच चढतो, पाण्याचे थेंब वर जाऊन गोठतात, खाली येतात, पुन्हा वर फेकले जातात. मोठी गार विळ्यावर आपटून फोडलेली मी पाहिली आहे: आत पांढरं कडं, मग काचेसारखं कडं, मग पुन्हा पांढरं. 30 एप्रिल 1888 ला उत्तरेत मुरादाबादला अशा गारांनी 246 माणसं मेली.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात दिवसामागून दिवस गारा पडत राहिल्या. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 10 हजार रुपये मदत जाहीर झाली. 11 फेब्रुवारी 2018 ला, रविवारी सकाळी, जालना, बीड, बुलडाणा आणि आमचा वाशिम जिल्हा झोडपला गेला, माणसंही दगावली. गारपीट झालेलं हरभऱ्याचं वावर जवळून पाहावं. झाडं उभी असतात, पण नुसत्या काड्या. घाटे मातीत रुतून फुटलेले, आणि फुटल्या घाट्यातला हिरवा दाणा दुसऱ्या दिवशी काळा पडू लागतो. संत्र्याचं दुखणं उशिरा कळतं. फळावर बारीक जखम दिसते, आठवड्यात ते सडून गळतं.

आता इशारा मोबाईलवर येतो. नागपूरचं हवामान केंद्र जिल्हावार अंदाज देतं, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका सांगतं. पण ज्या म्हाताऱ्याकडं तसला फोन नाही, जो गडी वावरात एकटा आहे, त्याला कोण सांगणार? त्यात टिनाचे गोठे वाढले. नीट न आवळलेलं टिनपत्र वाऱ्यानं उडतं आणि गारेपेक्षा मोठी इजा करतं.

म्हणून गावकऱ्यांना माझं सांगणं आहे. माघ लागला की सुड्यांजवळ ताडपत्री आणि दोर ठेवा, टिनं आवळून घ्या, सोंगलेला माल वावरात पसरून ठेवू नका. गारा पडल्याच तर पहिल्याच दिवशी नुकसानीचे फोटो काढा, तलाठ्याला कळवा आणि पंचनाम्याच्या वेळी स्वतः वावरात हजर राहा. 2015 पासून 33 टक्के नुकसानीलाही मदत मिळू शकते, पूर्वी ही अट 50 टक्क्यांची होती. आणि ग्रामपंचायतीनं दर वर्षी त्या दोन महिन्यांसाठी एक माणूस नेमावा. त्यानं अंदाज पाहावा आणि मंदिराच्या भोंग्यावरून गावाला ओरडून सांगावं. त्याला मानधनही द्यावं. आपल्या पणज्यांनी धान्य दिलंच होतं.