विष्णूची रूपे चोवीसच का?

१/ औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. येथील यादवकालीन मंदिराच्या बाह्य भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. त्या काळच्या मंदिरांत चतुर्भुज विष्णू दिसला, की जाणकार प्रथम त्याचे हात पाहतात. शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या क्रमाने धरले आहेत, त्यावरून तो केशव की त्रिविक्रम, हे ठरते.

२/ अशी रूपे परंपरेने चोवीस मानली. चोवीसच का?

३/ भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) हेच उदाहरण आहे. पहिल्या हातासाठी चार पर्याय. मग उरतात तीन, दोन, एक. ४×३×२×१ = २४.

४/ त्याच श्लोकात दहा हातांत दहा आयुधे धरणारा शंभूही आहे. त्याची रूपे ३६,२८,८००! इतकी एकेक करून कोण मोजणार? नियम मात्र तोच.

५/ मोठा प्रश्न लहान भागांत फोडणे, अनावश्यक तपशील वगळणे, पायऱ्या ठरवणे: याला आज ‘संगणकीय विचार’ म्हणतात. तो प्रत्येक मुलाला शिकवावा, असे जेनेट विंग यांनी २००६ मध्ये मांडले.

६/ भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. त्या विद्यार्थ्यांपुढे यंत्र नव्हते, नेमका प्रश्न होता. आज संगणक नसलेल्या शाळेतही चार मुले आणि चार वस्तू एवढ्यावर हा धडा सुरू होऊ शकतो.