सभा आणि परिषद

चार डोकी एकत्र आली की त्या जमण्याला काही तरी नाव द्यावे, ही मराठी माणसाची जुनी हौस. बैठक, मेळावा, संमेलन, अधिवेशन, सभा, परिषद; मोजू लागलो तर बोटे पुरत नाहीत. वर्गात समानार्थी शब्द शिकवताना मी 'सभा' आणि 'परिषद' एका ओळीत लिहितो, आणि परीक्षेत तसे लिहिणाऱ्याला पूर्ण गुणही देतो. पण आमच्या मराठवाड्यात असा एक काळ होऊन गेला की, या दोन शब्दांवर माणसाने घरी राहायचे की तुरुंगात जायचे हे ठरे.

दोन्ही शब्द जुने आहेत. सभा तर वेदकाळापासूनची. महाभारताचे एक पर्वच सभेच्या नावाचे आहे, आणि द्यूत, द्रौपदीची विटंबना हे सारे घडले तेही भरसभेत. सभेत कोणीही यावे, बसावे, पाहावे. परिषदेचे तसे नाही. 'परि' म्हणजे भोवती आणि 'सद्' म्हणजे बसणे. भोवती बसून निर्णय देणारी जाणती मंडळी ती परिषद. धर्माचा निवाडा करणाऱ्या परिषदेत निदान दहा, आणि ते न मिळतील तर निदान तीन तरी विद्वान असावेत, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. म्हणजे सभेला गर्दी लागते आणि परिषदेला अधिकार. आपले बोलणेही हा भेद सांभाळते. सभा गाजते, सभा उधळते. परिषद उधळली असे सहसा कोणी म्हणत नाही. सभा संपली की सतरंज्या गुंडाळल्या जातात. परिषद मात्र कचेरी, कार्यवाह आणि वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन मागे उरते. विधानसभा पाच वर्षांनी विसर्जित होते, विधानपरिषद कधीच होत नाही. ग्रामसभेला मतदारयादीतले सारे गाव बसते, जिल्हा परिषदेत निवडून गेलेलेच बसतात. (दिल्लीची राज्यसभा विसर्जित होत नसूनही सभा का, असे कोणी विचारील, ते नाव १९५४ साली दिले गेले, आणि ते देणाऱ्यांनी आम्हां मराठी मास्तरांना विचारले नव्हते!)

आता निजामाच्या राज्याकडे वळू. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि उर्दूत सभेला म्हणतात 'जलसा'. मराठीत जलसा म्हणजे गाणेबजावणे. सत्यशोधकांचे जलसे आपण ऐकून आहोत. दरबारी उर्दूतला जलसा मात्र गाण्याबजावण्याचा नव्हे. १९२९ साली सरकारने एक परिपत्रक काढले. मराठवाड्यात ते 'गश्ती निशाण त्रेपन्न' या नावाने म्हाताऱ्याकोताऱ्यांना तोंडपाठ होते. परवानगीवाचून जाहीर सभा घ्यायची नाही, हा त्याचा मथितार्थ. आणि राजकारणाचा वास येताच परवानगी मिळायची नाही. त्याआधीपासूनच हैदराबादच्या लोकांना आपली राजकीय परिषद राज्याबाहेर भरवावी लागत असे: १९२३ साली काकीनाडा, १९२६ साली मुंबई, १९२८ साली पुणे आणि पुढे १९३१ साली अकोला. आपल्या घरातले गाऱ्हाणे शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन मांडावे, तसा हा प्रकार.

तेव्हा राज्याच्या आत काही करायचे तर ते असे काही हवे, की ज्यात गर्दीपेक्षा ठराव असतील आणि घोषणांपेक्षा शिक्षण, शेती, मातृभाषा यांची चर्चा असेल. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. दुसरे १९३८ साली लातूरला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडावे लागले. या लातूरच्या अधिवेशनात परिषदेचे सरचिटणीस म्हणून निवडले गेले स्वामी रामानंद तीर्थ. संन्यास घेतलेला हा माणूस मुळात शाळामास्तर. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. आमच्या पेशाचा म्हणून मला त्यांचा थोडा जास्तच अभिमान आहे, हे लपवीत नाही.

परिषद हा शब्द सरकारने चालवून घेतला. पण त्याच वर्षी स्टेट काँग्रेस निघणार असे कळताच ती जन्माआधीच बेकायदा ठरली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींसह कितीतरी जण तुरुंगात गेले. पुढे संघटनेचे नाव बदलून 'नॅशनल कॉन्फरन्स' करण्याची तयारीही कार्यकर्त्यांनी दाखवली. कॉन्फरन्स म्हणजे तरी काय? परिषदच! पण नाव बदलले तरी माणसे तीच, हे सरकार ओळखून होते. बंदी उठली नाही.

आणि परिषद चालू राहिली. १९४१ साली ती नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला भरली. काँग्रेसचे नाव घेणे गुन्हा होता तेव्हा तिचे कार्यकर्ते परिषदेच्या मांडवात भेटत, आणि जबाबदार राज्यपद्धतीची भाषा बोलत. हे केवळ शब्दांचे पांघरूण होते असे मला वाटत नाही. ठराव लिहिणे, हिशेब ठेवणे, विरोधी मत ऐकून घेऊन मग हात वर करणे, हे सारे गावोगावच्या माणसांना त्या मांडवांत शिकायला मिळाले. एका संध्याकाळच्या सभेत ते शिकता येत नाही.

शेजारच्या तेलंगणाने मात्र आपल्या संस्थेला १९३० साली नाव दिले ते 'आंध्र महासभा'. कानडी भागाने आमच्यासारखीच 'परिषद' पत्करली. तेलुगू बांधवांची महासभा अधिवेशने भरवी, ठराव करी, शिवाय वर्षानुवर्षे टिकली. म्हणजे काम परिषदेचेच, नाव तेवढे सभेचे. माझी वरची सगळी वर्गवारी तेथे कोलमडते, हे मान्य करायला हवे.

१९४६ साली स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली आणि महाराष्ट्र परिषद तिच्यात विलीन झाली. पण मोकळा काळ फार दिवस टिकला नाही. पुढच्याच वर्षी पुन्हा सत्याग्रह, पुन्हा तुरुंग. आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतरच मराठवाड्यातल्या माणसाला कोणाची परवानगी न मागता, चौकात, उजळ माथ्याने साधी 'सभा' घेता आली.