केबिनमधला डोळा : ट्रक ड्रायव्हरवर नजर ठेवण्याचा नव्वद वर्षांचा इतिहास

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून ठेवतोय. बोलण्याच्या ओघातलं बोलणं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय एका फोनमुळे सुचला. माझा मामेभाऊ, वय २३. त्याने मोठ्या गाडीचं लायसन काढलं आणि लाँग रूटला लागला. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर उचलायचा आणि नागपूरकडे सोडायचा. एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

"दादा, गाडीत कॅमेरा बसवलाय. रस्त्याकडे नाही, माझ्याकडे तोंड करून. जांभई दिली तरी बोंबलतो."

मी हसलो.

"हसू नको. पगारातून पाचशे कापले."

मग सगळी गोष्ट कळली. आदल्या दिवशी सकाळी दहाला तो गोदामाच्या गेटवर पोहोचला होता. गाडी खाली व्हायला रात्रीचे नऊ वाजले. अकरा तास. ना पाण्याची सोय, ना संडासाची, आणि रांग कधी पुढे सरकेल याचा नेम नाही, म्हणून झोपताही येत नाही. गाडी रिकामी होताच ऑफिसचा फोन, "निघ लगेच." पहाटे चारला त्याला जांभया यायला लागल्या. कॅमेऱ्याने त्या टिपल्या, क्लिप ऑफिसला गेली आणि पाचशे रुपये गेले.

कॅमेऱ्याला जांभई दिसली. ते अकरा तास मात्र कोणाच्याच हिशेबात आले नाहीत. मी विचार करायला लागलो, ही नजर ठेवण्याची सुरुवात झाली कुठून? शोधता शोधता थेट १९३५ सालच्या अमेरिकेत पोहोचलो. कारण ड्रायव्हरच्या तासांचं हे भांडण तिथे सगळ्यात लांब चाललंय आणि त्याची कागदपत्रंही आहेत.

वहीचा जमाना

तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. ट्रक स्वस्तात मिळत होते, माणसं त्याहून स्वस्तात. पोटासाठी लोक झोप न घेता गाड्या हाकत होते. १९३५ साली तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मोटर कॅरिअर कायदा केला आणि ड्रायव्हरच्या कामाचे तास ठरवायचा अधिकार एका सरकारी आयोगाला दिला. दोन-तीन वर्षांत नियम आले. ढोबळमानाने सांगायचं तर दहा तास चालवणं, मग आठ तास विश्रांती, आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा.

आता गंमत बघा. १९३८ साली त्याच देशात कामगारांसाठी दुसरा मोठा कायदा आला. किमान वेतन आणि ठरावीक तासांवर काम झालं तर दीडपट ओव्हरटाइम. पण ज्यांचे तास तो आयोग ठरवतो, अशा ट्रक ड्रायव्हरना ओव्हरटाइममधून वगळलं. म्हणजे किती तास काम करायचं ते सरकार सांगणार, पण जास्त तासांचे जास्त पैसे मिळतील याची हमी देणार नाही. ही सूट अजूनही कायद्यात आहे.

तास मोजायचे कसे? तर ड्रायव्हरने स्वतः वहीत लिहायचे. कधी चालवलं, कधी थांबलो, कधी झोपलो. आणि मालकाला माल वेळेवर हवा असेल तर वहीत काय लिहिलं जाईल हे मी सांगायला नको. अमेरिकन ड्रायव्हर या वहीला 'कॉमिक बुक' म्हणायचे. नावातच सगळं आलं. काहींकडे तर दोन-दोन वह्या असायच्या.

वहीत खोटं लिहिलं जायचं, हे खरंच. थकलेल्या ड्रायव्हरमुळे माणसं मरायची, हेही खरं. तो धोका खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण पेन ड्रायव्हरच्या हातात होतं आणि वेळेचं दडपण दुसऱ्याच कोणाचं होतं, हे विसरून चालणार नाही.

युरोपातला हेर

आता अमेरिका थोडा वेळ बाजूला ठेवू आणि युरोपात जाऊ, कारण यंत्राने नजर ठेवायचा कायदा आधी तिथे पसरला. यंत्राचं नाव टॅकोग्राफ. स्पीडोमीटरच्या मागे मेणाचा थर दिलेली कागदाची गोल चकती बसवायची. गाडी चालली की बारीक सुई त्या चकतीवर ओरखडे काढत जाते : वेग, अंतर, थांबे. चोवीस तासांचा सगळा दिवस एका चकतीवर.

१९७० साली युरोपीय आर्थिक समुदायाने टॅकोग्राफ सक्तीचा करण्याचा नियम केला. ब्रिटनमध्ये मात्र ड्रायव्हर आणि त्यांच्या युनियन बिथरल्या. त्यांनी त्याला नाव दिलं 'केबिनमधला हेर'. तिथल्या सरकारने इतकी टाळाटाळ केली की प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि १९७९ साली ब्रिटन हरलं. टॅकोग्राफ आला.

पण युरोपने यंत्रासोबत आणखी काही नियम केले, आणि माझ्या मते आजच्या गोष्टीत हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिथल्या २००६ च्या नियमांत साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची आहे. आणि अंतरावर, मालाच्या वजनावर किंवा लवकर पोहोचवण्यावर असा पगार किंवा बोनस द्यायला बंदी आहे, ज्यामुळे रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल. म्हणजे ड्रायव्हर घाई का करतो, या प्रश्नालाही कायद्याने हात घातला. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पण निदान नियम लिहिताना नजर दोन्हीकडे गेली.

मैलावर पगार

परत अमेरिकेत येऊ. १९८० साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ट्रक व्यवसाय खुला करणाऱ्या कायद्यावर सही केली. आधी कोणत्या मार्गावर कोणी धंदा करायचा, भाडं किती घ्यायचं, यावर सरकारी नियंत्रण होतं. ते सैल झालं. हजारो नव्या कंपन्या आल्या, भाडी पडली, दुकानातला माल स्वस्त झाला. ड्रायव्हरची कमाईही पडली आणि युनियनचा जोर ओसरला. मायकेल बेल्झर या अभ्यासकाने २००० साली यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'स्वेटशॉप्स ऑन व्हील्स'. चाकांवरचे घामाचे कारखाने.

लाँग रूटचा पगार तिथे बहुतेक मैलावर मिळतो. चाक फिरलं तर पैसे. गोदामात पहिले दोन तास थांबणं फुकट, असा रिवाज. पुढच्या तासांचं काही मिळालं तर मिळालं. मामेभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तिकडेपण आपल्यासारखंच?"

नव्या पोराचं तर आणखी अवघड. बऱ्याच मोठ्या कंपन्या त्याला स्वतःच शिकवतात, पण शिकवण्याचा खर्च त्याच्या नावावर मांडतात. वर्षभर टिकलास तर माफ, मध्येच सोडलंस तर परत कर. स्टीव्ह व्हिसेली नावाच्या समाजशास्त्रज्ञाने हे जवळून बघायला स्वतः ट्रक चालवला आणि २०१६ साली 'द बिग रिग' हे पुस्तक लिहिलं. मोठ्या कंपन्यांत वर्षभरात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण कित्येक वर्षं ९० टक्क्यांच्या आसपास राहिलं. शंभर जागा टिकवायला वर्षाला नव्वदेक नवी माणसं. कंपन्या म्हणतात, ड्रायव्हर मिळत नाहीत. मिळतात हो. टिकत नाहीत.

वही गेली, यंत्र आलं

डिसेंबर २०१७ पासून अमेरिकेत बहुतेक लाँग रूट ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. यंत्र इंजिनाला जोडलेलं. चाक फिरलं की नोंद. कॉमिक बुक बंद. तोवर नियम बदलून १४ तासांच्या पाळीत ११ तास चालवणं असा झाला होता. आणि ही पाळी एकदा सुरू झाली की साधारणपणे थांबत नाही. गोदामासमोर पाच तास गेले तर ते गेलेच.

मग अपघात कमी झाले का? अभ्यासकांनी आकडे तपासले. तासांचा नियम पाळणं नक्की वाढलं. अपघात मात्र कमी झालेले दिसले नाहीत, आणि छोट्या कंपन्यांच्या गाड्यांमध्ये वेगमर्यादा मोडण्यासारखे प्रकार उलट वाढले. पगार मैलावर, घड्याळ थांबत नाही, वाट बघण्यात अर्धा दिवस गेलेला. मग माणूस ॲक्सिलेटर दाबणार, दुसरं काय करणार?

यानंतर कॅमेऱ्याचा जोर वाढला. आधी रस्त्याकडे तोंड केलेला. त्याला अनेक ड्रायव्हरांचा विरोध नसतो, कारण कारवाला मध्ये घुसला आणि दोष ट्रकवर आला तर हाच कॅमेरा वाचवतो. भांडण आहे ते आत तोंड केलेल्या कॅमेऱ्याचं. तो डोळे मिटले का, मोबाइल हातात आहे का, पट्टा लावलाय का, हे बघतो आणि त्यावर गुण देतो. लक्षात घ्या, त्या ट्रकमध्ये सीटच्या मागेच झोपायची जागा असते. ड्रायव्हर दोन-दोन, तीन-तीन आठवडे तिथेच जेवतो, कपडे बदलतो, घरच्यांशी भांडतो. आपल्या ऑफिसातला कॅमेरा आपण बेडरूममध्ये लावू देऊ का?

अठरा वर्षांची पोरं आणि मागे घेतलेला नियम

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हा सगळा प्रवास केला. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ट्रक न्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात एक प्रयोग मंजूर झाला : १८ ते २० वयाच्या पोरांनाही शिकाऊ म्हणून घ्यायचं. आधी १२० तास, मग २८० तास, शेजारी अनुभवी ड्रायव्हर बसलेला. ट्रकमध्ये आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, ताशी ६५ मैलांची वेगमर्यादा आणि रस्त्याकडे बघणारा कॅमेरा.

कायद्यात एवढंच होतं. पण २०२२ साली प्रयोग सुरू करताना वाहतूक सुरक्षेच्या सरकारी विभागाने आपल्याकडून आणखी एक अट घातली. कॅमेरा आतही हवा, पोराच्या चेहऱ्यावर. एका वेळी ३,००० शिकाऊ घेता येणार होते. आले अगदी मोजके. कॅमेरा हे एकमेव कारण नव्हतं, दुसऱ्याही जाचक अटी होत्या. शेवटी २०२४ साली काँग्रेसने विभागाला सांगितलं, आतल्या कॅमेऱ्याची अट काढा. अट निघाली.

यावरून कॅमेरा वाईट असा निष्कर्ष मी काढत नाही. खासगी कंपन्या तो आजही लावतात आणि काही ठिकाणी त्याने जीवही वाचत असतील. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की अशी अट बदलू शकते. आकाशातून पडलेली नसते. कोणीतरी माणसाने घातलेली असते, म्हणून माणसं ती काढूही शकतात.

आपल्याकडे

भारतातही कामाचे तास ठरवणारा कायदा १९६१ सालीच आला होता, मोटार परिवहन कामगार कायदा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. पण २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक किती, ते हायवेवर उभं राहिलात तर कळेल. ते सगळे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. ट्रकच्या केबिनला एसी असावा, हा नियम निघायला डिसेंबर २०२३ उजाडला, आणि तोही पुढे बनणाऱ्या नव्या गाड्यांसाठी. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी चक्का जाम केला तेव्हा पेट्रोल पंपांवर आपणच रांगा लावल्या होत्या, आठवतंय? अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या कलमाविरुद्ध होता तो. दोन दिवस का होईना, माल कोण आणतं ते सगळ्यांना कळलं.

तर माझा मामेभाऊ. मी त्याला हा इतिहास फोनवर ऐकवला. मध्येच तो म्हणाला, "दादा, गाडीला जीपीएस आहे ना. मग मी गेटवर अकरा तास उभा होतो, ते पण त्यात असणारच की!"

हे मला सुचलं नव्हतं. त्याला सुचलं.

तो सुपरवायझरकडे गेला आणि म्हणाला, जांभईची क्लिप काढली तशी त्या दिवसाची जीपीएसची नोंदही काढा. सुपरवायझर म्हणाला, "तसा रिपोर्ट आमच्याकडे निघत नाही." पाचशे रुपये परत आले नाहीत. पण तेव्हापासून पोरगा डॅशबोर्डवर दहा रुपयांची वही ठेवतो. गेटवर कधी पोहोचलो, गाडी खाली कधी झाली, झोपलो किती, सगळं लिहितो. गेटचा फोटोही काढतो, वेळेसकट. त्याच्यासोबत लागलेल्या दोघा पोरांनीही आता वह्या केल्यात.

तुमच्यापैकी कोणी या लाइनमध्ये नवीन असेल, किंवा घरातलं कोणी असेल, तर रुजू होतानाच विचारा : कॅमेऱ्यातली क्लिप कोण बघतं, ती मला बघायला मिळेल का, आणि वाट बघण्याचे तास कुठे लिहिले जातात? उत्तर मिळेलच असं नाही. पण विचारा.

आणि तुमची वही असेल तर मला तिच्या एका पानाचा फोटो पाठवा. नाव, गाडी नंबर झाकून. पुढच्या भागात ती पानं वाचून दाखवीन. तोवर, सांभाळून चालवा.