वीस इंची नळीची कुळकथा

बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात परवान्याची बंदूक एखाद्याच घरी असते, आणि असली तर ती बहुधा बारा बोअरची दुनळी असते. लांब नळ्या, लाकडी दस्ता, वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरून पुढे आलेला परवाना, असा तिचा संसार. अमेरिकेत मात्र घराच्या रक्षणासाठी कोणती बंदूक बरी, यावर गेली काही वर्षं वेगळाच वाद रंगला आहे. हाताने पुढची मूठ मागेपुढे सरकवून चालवायची नेहमीची पंप अ‍ॅक्शन घ्यावी, की तिचंच आखूड रूप असलेली ‘बुलपप’ घ्यावी? हा वाद आता मोबाईलवरून आपल्याकडेही पोचला आहे. वाद खोटा नाही, पण तो ज्या घरात आणि ज्या कायद्यात जन्माला आला ते घर आणि तो कायदा आपला नाही. बंदुकीचा आकार कारागिराच्या बुद्धीइतकाच तिच्यामागचा कायदा आणि तिच्यापुढची जमीन ठरवतात. या दोन्ही बंदुकांची कुळं शोधत गेलं की उमापुरातल्या दुनळीचं उत्तर अधिक शहाणपणाचं का, हे कळतं.

पंप अ‍ॅक्शनचा उगम एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत आहे. दुनळीत दोनच बार. ते उडाले की बंदूक मोडायची, रिकामी काडतुसं काढायची, नवी भरायची. यातला वेळ वाचवण्यासाठी नळीखाली दुसरी नळी बसवून तिच्यात चार-पाच काडतुसं ठेवण्याची कल्पना निघाली. ख्रिस्तोफर स्पेन्सरची पंप बंदूक १८८२ साली बाजारात आली, आणि जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरची विंचेस्टर १८९७ तिच्यावर मात करून गेली. मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि घोडा चढतो. मूठ पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत जाऊन बसतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी हीच बंदूक खंदकांत नेली, आणि ती इतकी जिव्हारी लागली की सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने तिच्याविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला. पुढे १९५० च्या सुमाराला आलेली रेमिंग्टन ८७० आणि १९६१ ची मॉसबर्ग ५०० यांनी ती अमेरिकेतल्या पोलिसांच्या गाडीत आणि शेतकऱ्याच्या घरात कायमची नेऊन ठेवली. म्हणजे तिचं कूळ शिकारीचं, वळण खंदकाचं आणि मुक्काम घरात.

बुलपपचं कूळ याहून वेगळं आहे. नेहमीच्या बंदुकीत चाप मध्यावर असतो, काडतूस पेटण्याची जागा त्याच्या पुढे आणि नळी त्याहून पुढे. दस्ता मागे नुसता खांद्याला टेकवण्यापुरता असतो. बुलपपमध्ये ती सगळी यंत्रणा उचलून दस्त्याच्या पोटात, म्हणजे चापाच्या मागे नेतात. नळी तेवढीच राहते आणि बंदुकीची एकूण लांबी घटते. ही कल्पना ब्रिटनमधल्या १९०१ च्या थॉर्नीक्रॉफ्ट कार्बाइनमध्ये दिसते. ऑस्ट्रियाची स्टायर ऑग आणि फ्रान्सची फामास या रायफलींनी पुढच्या काळात ती सैन्यात आणली, कारण चिलखती गाडीच्या अरुंद दारातून सैनिकाला चढायचं-उतरायचं होतं. भारताच्या विशेष दलांकडची इस्रायली टॅव्होर याच घराण्यातली. छर्ऱ्याच्या बंदुकीत हा आकार गाजवला तो २०११ च्या केल-टेक केएसजीने. तिची नळी साडेअठरा इंच आणि एकूण लांबी सव्वीस इंचांहून जेमतेम थोडी जास्त. हे आकडे असेच का आले, याचं उत्तर १९३४ च्या अमेरिकी कायद्यात आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी अठरा इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी सव्वीस इंचांपेक्षा कमी असेल, तर तिथे वेगळी नोंदणी लागते, आणि २०२५ पर्यंत करही लागत होता. केएसजी या दोन्ही रेषांच्या अगदी आत बेतून बसवलेली आहे.

आपल्याकडची रेषा दुसरीकडे आखलेली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये सामान्य नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक द्यायची तरतूद आहे, आणि तिथेच नळी किमान वीस इंचांची हवी असं लिहिलं आहे. त्याच वाक्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून ठासून भरायच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर पिकासाठीही दुसरी बंदूक देता येते. कलम ६ प्रमाणे परवानगीशिवाय नळी कापून आखूड करणं हा गुन्हा आहे. साडेअठरा इंच नळीची केएसजी वीस इंचांच्या या तरतुदीत बसतच नाही. हा नियम नोकरशाहीचा हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. लांब नळीची बंदूक सदऱ्याखाली लपत नाही, बाजारात नेली तर चारचौघांना दिसते. शेतात आणि घरात हवी, पण रस्त्यावर लपवून नेता येऊ नये, हा समतोल त्या वीस इंचांत आहे, आणि मला तो पटतो.

या कायद्यामागे आपल्या मुलखाचा मोठा इतिहास आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच गेवराई तालुक्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा हातात होत्या त्या तोड्याच्या बंदुका. जळत्या तोड्याने बत्ती द्यायची, म्हणून पाऊस आला की त्यांचा जीव गेला. पुढे टोपीच्या ठासणीने पाऊस जिंकला, आणि तीच ठासणी शेतकऱ्याच्या हाती सर्वांत जास्त काळ टिकली. ब्रिटिश हिंदुस्थानात लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र परवान्याला बांधलं. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि तिथेही बंदूक ही देशमुखी-पाटिलकीच्या मानाची वस्तू राहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, त्याआधीच्या रझाकारी दहशतीत गावकऱ्याने रात्री जागवल्या त्या गढीच्या भिंतीआड, काठ्या-भाल्यांनिशी आणि गस्तीच्या भरवशावर. बंदूक असलीच तर एखादी. गावाचं रक्षण हे जागल्याचं, रामोशाचं आणि सगळ्या आळीचं मिळून काम होतं. एका घरातल्या एका माणसाने खोलीच्या दारात बंदूक धरून उभं राहायचं, हे चित्र आपल्या गावगाड्यात कधीच नव्हतं.

आता दोन्ही बंदुका उमापूरच्या घरात ठेवून पाहू. वीस इंची नळीची नेहमीची पंप साधारण चाळीस इंच भरेल, त्याच नळीची बुलपप अठ्ठावीसच्या आसपास. एक फुटाचा हा फरक माजघरातून बाहेर पडताना, दिंडीच्या दारात, अरुंद जिन्यावर निश्चित जाणवेल, आणि बुलपपवाल्यांचं हे म्हणणं मान्य करायलाच हवं. पण त्या एका फुटाची किंमत मोठी आहे. यंत्रणा गालाजवळ येते. चाप आणि घोडा यांच्यात लांब दांडा आल्याने चाप जड, ढिला वाटतो. पुढचा हात नळीच्या तोंडाच्या इतका जवळ येतो की घाईत तो निसटून तोंडापुढे जाण्याचा धोका असतो. वजन सगळं मागे झुकतं. सैन्यांचा अनुभवही बोलका आहे. फ्रान्सने २०१७ पासून फामास बाजूला ठेवून नेहमीच्या घाटाची रायफल घेतली, आणि चीननेही २०१९ मध्ये जुन्या घाटाची नवी रायफल पुढे आणली. ज्यांना रोज सराव करता येतो त्यांनाच हा घाट पेलला नाही, तर वर्षातून एकदा तपासणीला पोलीस ठाण्यात बंदूक नेणाऱ्या माणसाला तो कसा पेलेल?

पंपची अडचण वेगळी आहे. भीतीने हात थरथरत असताना मूठ पूर्ण मागे ओढली गेली नाही तर काडतूस अडकतं, आणि नळीखालच्या नळीत किती काडतुसं उरली हे बाहेरून कळत नाही. इथे दुनळी दोघींना मागे टाकते. कळ सरकवली, नळ्या खाली वाकवल्या की काडतुसांची दोन पितळी बुडं डोळ्यांसमोर येतात. पितळ दिसलं तर भरलेली, दोन काळी भोकं दिसली तर रिकामी. लहान मुलं असलेल्या घरात, दहा-दहा वर्षं कपाटात पडून राहणाऱ्या बंदुकीचा याहून मोठा गुण दुसरा नाही. दोन्ही नळ्यांना बहुधा स्वतंत्र चाप असतो, एक बिघडला तरी दुसरा चालतो. धूळ, गंज, तालुक्याला न मिळणारे सुटे भाग, या सगळ्यांत साधी वस्तू टिकते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. गुन्हेगाराकडे गावठी कट्टा असतो, त्याने वीस इंच मोजलेले नसतात, मग सभ्य माणसालाच लांब नळीचं ओझं का? पण कट्ट्याला उत्तर म्हणून आखूड बंदूक मागणं म्हणजे तिच्या लपवता येण्याच्या गुणाची मागणी करणं आहे, आणि घरात बसून घर राखणाऱ्याला लपवायचं काहीच नसतं. शिवाय भारतीय न्याय संहितेतला स्वसंरक्षणाचा हक्क, कलम ३४ ते ४४, गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही, आणि पोलिसांची मदत मागायला वेळ असेल तर तो हक्कच उरत नाही. बंदूक किती काडतुसांची, हा प्रश्न या कसोटीपुढे फार मागे पडतो.

बीडमध्ये तर हा विचार टाळताच येत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून निर्घृण हत्या झाली. त्यांना बंदुकीने मारलं नव्हतं, पण त्यानंतर हवेत बार काढणाऱ्यांच्या चित्रफिती पुढे आल्या, जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचं सगळ्यांना कळलं, आणि प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. मिरवणुकीत बार काढणं शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनेच गुन्हा ठरवलं आहे. एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनावरून दोनावर आली, तीही त्याच दुरुस्तीने. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याचा परवाना आणि कमरेला लावून मिरवण्यासाठी घेतलेला परवाना एकाच फायलीत राहिले, यातच या जिल्ह्याचा घोळ आहे. छाननी करताना ते वेगळे काढायला हवेत.

आणि घर राखायचं म्हटलं तर उमापूरच्या परिसरातली वस्तुस्थितीही पाहावी. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जोडपी निघतात, चार-पाच महिने घरात म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. अशा घरातली बंदूक राखण करत नाही, तीच चोरीला जाते. कोयत्यावर गेलेल्या कुटुंबाला उपयोगी पडते ती शेजाऱ्याची जाग. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आणि नाशिक, पुणे भागात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. संकटातल्या माणसाने एका ठरलेल्या क्रमांकावर फोन करून निरोप दिला की तोच निरोप त्याच्या आवाजात गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर एकाच वेळी वाजतो. चोर, बिबट्या, आग, पूर, कशासाठीही. जागल्याच्या हाळीचा हा आजचा वारस आहे, त्याला परवाना लागत नाही, आणि गेवराई तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने यंदाच्या ऊसतोडीला गाड्या निघण्याआधी आपल्या गावाचे फोन त्यात नोंदवून घ्यावेत.