कपूर आयोग

कपूर आयोग हा महात्मा गांधींच्या हत्येच्या कटाची पूर्वकल्पना कोणास होती आणि ती सरकारपर्यंत पोहोचली होती काय, याचा शोध घेण्यासाठी भारत सरकारने नेमलेला चौकशी आयोग होय. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी त्याचा अहवाल १९६९ साली दिला.

आयोगाचे निमित्त पुण्यात घडले. गोपाळ गोडसे प्रभृतींच्या सुटकेनंतर नोव्हेंबर १९६४ मध्ये झालेल्या कार्यक्रमात लोकमान्य टिळकांचे दौहित्र ग. वि. केतकर यांनी, हा बेत आपणांस आधीच ठाऊक होता, असे सांगितले.

कट मोजक्या लोकांपुरता असूनही गुप्त राहिला नव्हता. मदनलाल पाहवाने मुंबईत प्रा. जगदीशचंद्र जैन यांच्यापाशी तो बोलून दाखविला होता. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनातील स्फोटानंतर मदनलाल पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी जैन यांनी मुंबईचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना हकीकत कळविली. तरीही ३० जानेवारीची हत्या टळली नाही. आयोगाने पोलीस तपासातील ढिलाईवर ठपका ठेवला.

माहिती असूनही काही घडले नाही, ही गोष्ट लोकांना केवळ ढिलाई म्हणून पटणे कठीण असते. नव्या संशयांना वाव मिळाला तो बहुधा येथूनच. ‘चौथ्या गोळी’च्या आधारे फेरचौकशी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये फेटाळली.