व्यसन एकाचे, उपचार अवघ्या घराचे

घरातील एक जण दारूच्या आहारी गेला की हळूहळू साऱ्या घराचे वेळापत्रक त्याच्याभोवती फिरू लागते. पत्नी कार्यालयात दूरध्वनी करून ‘त्यांना ताप आहे’ असे सांगते, आई पेन्शनमधून उधारी फेडते, मुले मित्रांना घरी बोलावणे बंद करतात. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. मात्र या सांभाळण्यामुळे व्यसनाचे परिणाम व्यसनी व्यक्तीपर्यंत पोहोचतच नाहीत आणि सांभाळणारी माणसे स्वतः निद्रानाश, चिंता व नैराश्याने पोखरली जातात. म्हणूनच व्यसनाधीनतेला ‘कुटुंबाचा आजार’ म्हटले जाते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूमुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या घरात होती. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. ही दरी केवळ सरकारी रुग्णालयांनी भरून निघणारी नाही. महाराष्ट्रात ती भरण्याचे मोठे काम स्वयंसेवी संस्थांनी केले आहे.

मुक्तांगणची वाट

ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ने तरुण मुलांना विळखा घातला, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले आणि १९८६ मध्ये पुण्यात येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची घडी बसवली ती मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. व्यसनी व्यक्तीला गुन्हेगार न मानता रुग्णमित्र मानणे, हा तेथील पाया. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालवणे, हे तितकेच महत्त्वाचे पाऊल ठरले. ‘तूच नीट वागली असतीस तर तो प्यायला नसता’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकलेल्या स्त्रीला, तेच ऐकलेल्या दुसऱ्या दहा जणी भेटतात. दोष आपला नाही, हे तिला तेथे प्रथम उमगते.

ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था मानसिक आरोग्याचे काम मनोरुग्णालयाच्या भिंतींबाहेर, कुटुंबांपर्यंत नेते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पुण्यात स्वमदत गट उभे राहिले ते स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमुळे. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडात प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणाचा अनुभव त्यांच्या या कामामागे होता.

उपचार कसे होतात?

पहिला टप्पा शरीरातील विष उतरवण्याचा. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हातपाय थरथरणे, फिट येणे, भास होणे असे प्रकार पहिल्या काही दिवसांतच घडू शकतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. त्यामुळे घरी कोंडून ठेवून दारू सोडवण्याचा प्रयत्न करू नये. पुढील टप्पा समुपदेशनाचा, गटचर्चेचा आणि दिनक्रम पुन्हा बसवण्याचा. मुक्तांगणमध्ये निवासी उपचारांचा काळ साधारण ३५ दिवसांचा असतो. त्यानंतरचा पाठपुरावा त्याहून महत्त्वाचा.

येथे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस अर्थात ‘एए’च्या सभांचा आधार होतो. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीत फी नसते, आडनाव विचारले जात नाही. तिच्या एका संस्थापकाची पत्नी लोइस विल्सन यांनी १९५१ मध्ये ‘अल-अनॉन’ हा नातेवाइकांचा गट उभारला. ‘व्यसन मी लावले नाही, मी ते ताब्यात ठेवू शकत नाही, मी ते बरे करू शकत नाही’ ही तेथील शिकवण. पिणारा उपचारांना तयार नसला तरी घरच्यांनी या गटात जाण्यास अडचण नसते. किंबहुना, पुष्कळदा बदलाची सुरुवात तेथूनच होते.

कुटुंबाने काय टाळावे?

शपथा घ्यायला लावणे, माळ घालण्याची सक्ती, लग्न लावून देणे हे मार्ग आजारावरचे उपचार नव्हेत. ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींपासून विशेष सावध राहावे. डायसल्फिरमसारखे औषध चहातून किंवा जेवणातून गुपचूप दिले आणि त्यावर ती व्यक्ती दारू प्यायली, तर उलट्या होऊन रक्तदाब घसरू शकतो, प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. व्यसन पुन्हा सुरू झाल्यास ‘सारे फुकट गेले’ असे मानू नये. आजार उलटणे हे मधुमेहाप्रमाणे येथेही घडते. अशा वेळी विलंब न लावता केंद्राशी संपर्क साधणे हेच शहाणपण. मारहाण होत असल्यास मात्र स्वतःची व मुलांची सुरक्षितता प्रथम पाहावी.

केंद्र निवडताना

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी संबंधित मानसिक अवस्थाही मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. रुग्णाला साखळीने बांधण्यास या कायद्याने मनाई आहे. केंद्राची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ नियमित येतात का, नातेवाइकांना भेटू दिले जाते का आणि कुटुंबासाठी वेगळे समुपदेशन आहे का, हे चार प्रश्न प्रवेशापूर्वी विचारावेत. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आल्यास दुसरे केंद्र पाहावे.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हे राष्ट्रीय मदत क्रमांक आहेत. तेथे दूरध्वनी करण्यासाठी स्वतः व्यसनी असण्याची गरज नाही. त्या घरात राहत असणे पुरेसे आहे.